जीभ सुटल्यावर

नेहा मूळची चिखलीची. वडिलांचं तिथं लेथ मशिनचं छोटं वर्कशॉप होतं आणि शाळेतून आली की दप्तर टाकून ती तिथंच घुटमळायची. पुढं डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. ब्रेकचे सुटे भाग तपासायचे. गेज म्हणजे मापाचा साचा बसला तर पास, नाही बसला तर तो भाग बाजूला काढायचा, का बसला नाही ते शोधायचं, दुरुस्त करून पुन्हा गेज लावायचा. या कामात तिचा हात चांगला बसला होता आणि स्वभावही हळूहळू तसाच झाला होता. कारण सापडलं की काम निम्मं झालं, असं तिला मनापासून वाटायचं. यशोधरा जन्माला येईपर्यंत तिचा हा समज फारसा कुठं चुकला नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पण नेमकं त्याच सुमाराला नेहाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आई स्वतःच काठी धरून चालायला लागली. आता कसं करायचं, यावर दोन्ही घरांत खल सुरू झाला तेव्हा नेहाच्या सासूबाई, सरूबाई, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी हाय की." एवढ्यावर विषय संपला. पिंपळे गुरवच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आतली खोली बाळंतिणीची झाली, भीमराज म्हणजे सासरे आपली चटई घेऊन हॉलमध्ये आले आणि नेहाचा नवरा बुद्धरत्न चाकणला शिफ्ट करून आला की हात धुतल्याशिवाय त्याला आतल्या खोलीचा उंबरा ओलांडायची परवानगी राहिली नाही.

सरूबाई परभणीकडच्या. लग्न होऊन आल्या त्या काळेवाडीतल्या पत्र्याच्या खोलीत. भीमराज तेव्हा एका कारखान्यात पेंट शॉपला, रंगकामावर होते. मुलगा शाळेत जायला लागला तशा सरूबाईही भोसरीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जाऊ लागल्या आणि पाय दुखायला लागेपर्यंत लाटत राहिल्या. बोलणं तुटक. कुणाचं कौतुक तोंडावर करणं त्यांना कधी जमलं नाही. एखादी साडी आवडली तर "बरी हाय" म्हणायच्या, आणि फारच आवडली तर काहीच म्हणायच्या नाहीत, नुसतं पदराचं टोक दोन बोटांत धरून बघायच्या. मात्र नकला करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कँटीनचा मुकादम मीठ चाखून बघताना तोंड कसं करायचा, साहेब लोक हातानं जेवताना कसे अवघडायचे, हे त्या बसल्या जागी असं करून दाखवायच्या की समोरचा माणूस पोट धरून हसायचा आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

दवाखान्यात बाळाला पहिल्यांदा अंगावर घेतलं तेव्हाच नेहाच्या घशातून एक आवाज निघाला. नर्स म्हणाली, सुरुवातीला दुखतंच. आई फोनवर तेच म्हणाली, मामी म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या गिरजाबाई तर खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या. नेहानंही ते मानून घेतलं. पण दिवस जात होते आणि दुखणं कमी व्हायचं नाव घेत नव्हतं. यशोधरा तोंडात घ्यायची ते नुसतं बोंडाचं टोक. मग हिरड्यांनी चावल्यासारखं करायची, टक् टक् आवाज यायचा, दूध ओठांच्या कडेनं गळून गळ्याच्या वळीत जायचं. दमून झोपायची आणि डोळा लागतो न लागतो तोच भुकेनं किंचाळत उठायची. नेहाच्या बोंडांना चिरा पडल्या. गाऊनचं कापड लागलं तरी अंगावर काटा यायचा. वजन करायला नेलं तर बाळाचं वजन जिथल्या तिथं.

सरूबाई दोन्ही वेळ शेक द्यायच्या, अळिवाची खीर करायच्या, बाळाची टाळू भरायच्या. आणि हे सगळं करता करता एकच गोष्ट म्हणायच्या, "दूध कमी पडायलं असंल. वरचं दूध लाव, पोरी." वाईट हेतू नव्हता. पण प्रत्येक वेळी नेहाला ते शेऱ्यासारखं लागायचं. जणू तिच्यावर कुणीतरी लाल शिक्का मारून बाजूला काढून ठेवत होतं.

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरांनी यशोधराच्या तोंडात बोट घालून जीभ उचलून पाहिली आणि कारण सापडलं. जिभेखालचा पापुद्रा पार टोकापर्यंत आलेला होता. जीभ खालच्या बाजूला बांधून ठेवल्यासारखी, वर उचलता यायची नाही की ओठांबाहेर काढता यायची नाही. याला टंग टाय म्हणतात, बऱ्याच बाळांना असतं, छोटासा काप द्यावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काप देताना भीमराजांनी बाळाचे हात धरले. सरूबाई बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. यशोधरा रडायला लागेपर्यंत काम झालंही होतं. डॉक्टरांनी लगेच अंगावर घ्यायला सांगितलं, आणि त्या एका वेळी नेहाला खरंच वाटलं की दुखणं हलकं झालंय. परतताना बुद्धरत्ननं वाटेत गाडी थांबवून जिलबी घेतली. नेहाच्या मनातला हिशेब सोपा होता. दोष सापडला, दुरुस्ती झाली, आता सगळं जुळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधरानं तोंड लावलं आणि नेहाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

पहिल्यापेक्षा जास्त दुखत होतं. बाळाच्या जिभेला आता हालायला जागा मिळाली होती, पण ती कशीही वळवळत होती. मध्येच पकड सुटायची, मग घाबरून बाळ हिरड्या आवळायचं. जिभेखाली जिथं कापलं तिथं पांढुरका चट्टा आला. तो बघून सरूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं पू झाला. डॉक्टरांना फोटो पाठवला तर ते म्हणाले, जखम भरतेय, तोंडातली जखम अशीच दिसते, काळजी करू नका. दिवसातून काही वेळा स्वच्छ बोटानं जीभ हळूच वर उचलायचा व्यायाम त्यांनी सांगितला होता. तो करायला घेतला की यशोधरा अशी रडायची की करणारा मध्येच थांबायचा.

आता नेहाला भुकेचीच भीती वाटायला लागली. बाळानं मूठ तोंडाकडं नेली, मान इकडंतिकडं फिरवली, की नेहाच्या पायांची बोटं आपोआप आवळायची. पाजायला घेताना ती ओढणीचं टोक दातात धरायची. कधीकधी त्या एवढ्याशा जिवाचा तिला राग यायचा, आणि राग आला म्हणून मग स्वतःची इतकी लाज वाटायची की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून घ्यायची. बुद्धरत्न मेंटेनन्सचा माणूस. त्याला वाटलं काम अर्धवट राहिलंय, पापुद्रा पुरता कापलाच नसेल, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. तो फोनवर रोज नवीन काहीतरी वाचून यायचा आणि जेवताना सांगायचा. एकदा नेहा त्याला म्हणाली की वाचू नकोस, नुसता बस. तो बसला. पण नुसतं बसणं त्याला जमत नव्हतं, हे त्याच्या हलणाऱ्या गुडघ्यावरून दिसत होतं.

अशातच एका दुपारी यशोधरा रडून रडून लाल झाली होती, नेहाच्या एका बाजूच्या चिरेतून रक्त आलं होतं, आणि सरूबाई दारातून म्हणाल्या, "वरचं दूध लाव म्हणले होते मी."

नेहाचा तोल गेला. ती ओरडली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही आपल्या मुलाला सहज पाजलं असेल. तुम्हाला हे काय कळणार."

सरूबाई दारातून आत आल्या. बाळाला तिच्या मांडीवरून उचललं, खांद्यावर टाकलं आणि हॉलमध्ये येरझारा घालत राहिल्या. त्या दुपारी त्यांनी नेहाला ताट वाढून दिलं, पण स्वतः जेवल्या नाहीत. त्यांच्या जेवणानंतरच्या गोळ्या राहतील म्हणून भीमराज दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

डॉक्टरांनीच मग रावेतच्या एका बाईंचं नाव सुचवलं. अनुया त्यांचं नाव, स्तनपानाचा सल्ला देणं हेच त्यांचं काम. बुद्धरत्नची पहिली शिफ्ट होती, म्हणून नेहाबरोबर सरूबाई निघाल्या. रिक्षात दोघी जवळजवळ बसल्या होत्या, बाळ सरूबाईंच्या मांडीवर, आणि बोलणं फक्त रिक्षावाल्याशी.

अनुयानं आधी काहीच सांगितलं नाही. नेहाला म्हणाली, घरी पाजता तसंच पाजा, मी बघते. ती शेजारी स्टुलावर बसून बघत राहिली. नेहाचे वर चढलेले खांदे, आवळलेली पायाची बोटं, बाळाची छातीला टेकलेली हनुवटी. मग तिनं करंगळी बाळाच्या ओठांच्या कडेनं आत सरकवून पकड सोडवली आणि बाहेर आलेलं बोंड नेहाला दाखवलं. एका बाजूनं तासून काढल्यासारखं चपटं झालं होतं.

"जीभ सुटलीय," अनुया म्हणाली, "पण सुटलेल्या जिभेचं काय करायचं हे हिला अजून माहीत नाही. पोटात होती तेव्हापासून ती बांधलेल्या जिभेनंच चोखत आली आहे. आता तिला नव्यानं शिकायचंय. आणि शिकणारं माणूस चुकतं."

मग तिनं शिकवलं. उशांना टेकून मागं रेलायचं, वाकायचं नाही. बाळाला पोटाला पोट लावून छातीवर पालथं घ्यायचं. नाक बोंडासमोर आणायचं आणि ते जांभई देतंय की काय वाटावं इतकं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. मग हनुवटी आधी टेकवायची, म्हणजे तोंडात टोकाऐवजी भरपूर भाग जातो. दुखलं तर दात आवळून सोसायचं नाही, करंगळीनं सोडवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. जी बाजू फार फाटली आहे तिला काही दिवस विश्रांती. त्या बाजूचं दूध हातानं काढायचं, नाहीतर गाठी होतील, आणि ते बाळाला चोच असलेल्या छोट्या भांड्यानं पाजायचं. एका दिवसात फरक पडणार नाही, असंही तिनं स्पष्ट सांगितलं.

हे सगळं झाल्यावर कागदावर काहीबाही टिपून घेताना तिनं सहज विचारलं, की घरात आणखी कुणाला असं होतं का? बाळाच्या वडिलांना? कारण बऱ्याचदा हे घराण्यात चालत येतं. नेहानं माहीत नाही म्हणून मान हलवली. सरूबाई बाळाचं टोपडं नीट करत होत्या. त्या थांबल्या.

"त्याला मी पाजलंच न्हाई," त्या म्हणाल्या.

आणि मग काळेवाडीतली ती पत्र्याची खोली त्यांनी तिथं त्या खुर्चीत बसून सांगितली. बुद्धरत्न जन्मला तेव्हा असाच रडायचा, असाच चावायचा. सरूबाईंना रक्त यायचं. त्यांच्या सासूनं पाहिलं, शेजारच्या बाया येऊन पाहून गेल्या आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की हिच्या अंगाला दूधच नाही. सासूनं लेकरू उचलून आपल्याजवळ घेतलं आणि गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं पाजायला सुरुवात केली. लेकरू त्यावर वाढलं, कुणी वाईट वागलं नाही, पण लग्नाकार्यात, बारशात नाही तर नळावर, कुठंही बाळंतिणीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, आमच्या सरूला दूध नव्हतं बाई. सरूबाईही तेच म्हणायला लागल्या. म्हणून तर त्या नेहाला सारखं वरचं दूध लाव म्हणत होत्या. त्यांना वाटत होतं, हिचंही आपल्यासारखंच झालंय, उगाच कशाला जीव जाळून घेते.

"छातीला फडकं बांधून ठेवायचे मी, गच्च," त्या म्हणाल्या. "तरी पोलकं भिजायचं. दूध न्हाई म्हणले सगळे, मग पोलकं कशानं भिजायलंय, हे मी कुणाला इचारलंच न्हाई."

अनुयानं पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी नक्की काय होतं ते सांगता येणार नाही, असं ती आधी म्हणाली. मग म्हणाली, "पण दूध होतं, आजी. ते बाळापर्यंत पोहोचत नव्हतं."

सरूबाईंनी मान डोलावली, जशी बसचा नंबर सांगितल्यावर डोलावतात तशी. यशोधराला दुपट्यात गुंडाळलं आणि उठल्या.

परतताना नेहाला माफी मागायची होती. वाक्य मनात जुळवेपर्यंत रिक्षा औंध-रावेत रस्त्याच्या गर्दीत अडकली, सुटली, पुन्हा अडकली. शेवटी तिनं सरूबाईंच्या हातावर नुसता हात ठेवला. सरूबाई समोर बघतच म्हणाल्या, "ते चोचीचं भांडं म्हणल्या ना त्या मॅडम, ते बोंडलंच की. माळ्यावर हाय आपलं. उकळून घेते."

संध्याकाळी बुद्धरत्न घरी आला. बूट काढून, हात धुऊन तो आतल्या खोलीकडं वळणार तोच सरूबाईंनी त्याला ट्यूबलाइटखाली उभं केलं आणि तोंड उघडायला सांगितलं. त्याला वाटलं, आईला तंबाखूचा संशय आलाय. तो शपथा घ्यायला लागला. सरूबाईंनी मोबाइलचा टॉर्च लावून त्याची हनुवटी धरली. "जीभ वर कर." त्यानं केली. ती वर जाईना. "बाहेर काढ." ती खालच्या ओठापर्यंत आली आणि थांबली. टोक मध्येच ओढल्यासारखं, दोन पाकळ्या दिसाव्यात तशी खाच पडलेली. एवढा बाप्या गडी, आणि त्याला आजवर कुणी जीभ दाखव म्हटलंच नव्हतं.

"म्हणून तर मला कुल्फी चाटता येत नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं सगळेच चावून खातात."

सरूबाईंनी टॉर्च बंद केला. कुल्फी चावून खातो, दात खराब होतील, म्हणून लहानपणी त्याला किती बोलले, एवढंच त्या म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं भीमराज उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.  परत आल्या तेव्हा सरूबाईंनी सरळ कणीक भिजवायला घेतली, आणि त्या दिवशी चपात्या नेहमीपेक्षा जरा जास्तच झाल्या.

त्या दिवसापासून घराची घडी वेगळी बसली. पाजायची वेळ झाली की सरूबाई उशा लावायच्या, नेहाचे खांदे दोन्ही हातांनी दाबून खाली बसवायच्या आणि समोर वेताचा मोडा ओढून बसायच्या. बाळानं तोंड पुरतं उघडलं नाही तर "थांब, थांब, आजून न्हाई" म्हणायच्या, आणि उघडलं की नुसती मान हलवायच्या. जमलं नाही तर करंगळी, आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीचे काही क्षण तरीही दुखायचं. त्या क्षणांसाठी सरूबाईंनी आपली कला बाहेर काढली. गिरजाबाई जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबून कोण काय करतंय ते कसं बघतात, डॉक्टर चष्मा कपाळावर ठेवून तोच कसा शोधतात. नेहाला हसू यायचं आणि हसताना खांदे आवळून धरता येत नाहीत, हे तिला तेव्हा कळलं. अनुयाची नक्कल मात्र सरूबाईंनी कधी केली नाही.

फाटलेल्या बाजूचं दूध नेहा वाटीत काढायची आणि ते बोंडल्यानं पाजायचं काम सरूबाईंचं. यशोधराला जवळजवळ बसती धरून, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवून, तिनं स्वतः भुरका मारेपर्यंत त्या थांबायच्या. जिभेखालचा व्यायाम भीमराजांनी आपल्याकडं घेतला, कारण त्यांच्या हातात ती सगळ्यांत कमी रडायची. ते आधी तिला बोट चोखायला द्यायचे, खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणायचे, आणि तिच्या लक्षात यायच्या आत जीभ उचलून मोकळे व्हायचे.

अनुयानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाळासमोर जीभ बाहेर काढून दाखवत राहा, बाळं नक्कल करतात. मग काय, घरात जो तो येता-जाता यशोधराला जीभ दाखवायला लागला. एकदा सकाळी भीमराज विहारात जायला पांढरा शर्ट घालून तयार झाले होते. निघता निघता नातीपुढं वाकले आणि पुरती जीभ काढून उभे राहिले. नेमक्या त्याच वेळी गिरजाबाई विरजण मागायला दारात आल्या. विहारात ज्यांच्या शब्दाला मान, अशा माणसाला त्यांनी त्या अवस्थेत पाहिलं आणि विरजण न घेताच परत गेल्या. भीमराज ओशाळले. पण यशोधरानं डोळे मोठे करून आजोबांकडं पाहिलं, ओठांशी खटपट केली, आणि तिच्या जिभेचं गुलाबी टोक खालच्या ओठावर आलं. पहिल्यांदाच. भीमराजांना त्या दिवशी निघायला उशीर झाला.

सगळं सरळ झालं असं नाही. मध्येच नेहाची एक बाजू दगडासारखी कडक झाली, त्वचा लाल झाली आणि थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, दूध निघत राहू द्या म्हणाले. पण त्या संध्याकाळी नेहाच्या अंगात बाळाला उचलायचंही त्राण नव्हतं. यशोधरा रडत होती. नेहा भिंतीकडं तोंड करून म्हणाली की माझ्याच्यानं आता होत नाही, पावडरचं दूध आणा.

तिला वाटलं होतं, आता सगळे थांबवतील, इतकं केलंस आणखी थोडं कर म्हणतील. बुद्धरत्न चप्पल घालून मेडिकलमध्ये गेला. सरूबाईंनी पाणी उकळलं, निववलं, डब्यावरचं सगळं भीमराजांकडून वाचून घेतलं आणि नेहाच्या डोळ्यांसमोरच बसून बाळाला पाजलं. यशोधरा पोटभर प्यायली आणि झोपली. सरूबाई नेहाच्या पायाशी येऊन बसल्या.

"लेकराचं पोट भरलं पायजे आणि आईचं डोकं थाऱ्यावर ऱ्हायलं पायजे," त्या म्हणाल्या. "मला दुःख वरच्या दुधाचं नव्हतं, पोरी. तुझ्याकडं न्हाईच म्हणून सांगितलं, त्याचं होतं. तुझ्याकडं हाय. आज पाज, उद्या पाज, नको पाजूस. पण हाय."

नेहानं कूस बदलून त्यांच्याकडं तोंड केलं. तापानं जड झालेल्या जिभेनं तिनं त्या दुपारच्या बोलण्याची माफी मागितली. सरूबाईंनी तिच्या कपाळावरची ओली पट्टी उलटी केली आणि विषय बदलला. पण तिला झोप लागेपर्यंत पायाशी बसून राहिल्या.

ताप उतरला. पावडरचा डबा फडताळात राहिला आणि अधूनमधून खाली येत राहिला, त्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. चिरा भरत आल्या. टक् टक् आवाज विरळ झाला आणि त्याच्या जागी घोट गिळल्याचा हलका आवाज यायला लागला. तो ऐकायला भीमराज हॉलमधला टीव्ही बारीक करायचे. वजनाच्या काट्याजवळ बुद्धरत्न प्रत्येक वेळी श्वास धरून उभा राहायचा, आणि आकडा पुढं सरकला की कंपनीतल्या अर्ध्या लोकांना फोन करायचा.

एका सकाळी नेहा खिडकीजवळ रेलून पाजत बसली होती. बुद्धरत्नची दुसरी शिफ्ट होती, म्हणून तो घरी होता आणि पडद्याचा दांडा बसवत होता. तिरका बसवतोय, असं नेहाचं म्हणणं. सरळ आहे, भिंतच तिरकी आहे, असं त्याचं. तिनं लेव्हलची पट्टी लावायला सांगितली. त्यानं लावली, आणि दांडा तिरकाच निघाला. मग त्यावर दोघांची चांगली जुंपली. नेहा एका हातानं हवेत रेघ ओढून त्याला उतार दाखवत होती. सरूबाई मोड्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्या या भांडणात पडल्या नाहीत. मात्र बुद्धरत्न हार मानून स्टुलावरून उतरायला लागला तेव्हा त्यांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. त्याला काही कळलं नाही, पण तो पुन्हा वर चढला आणि भिंतीबद्दल आणखी काहीतरी बोलला. नेहानं त्यालाही उत्तर दिलं.

बोलता बोलता तिला अंगावर ओझं जाणवलं. तिनं खाली पाहिलं. यशोधरानं आपण होऊन सोडलं होतं आणि ती झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब. किती वेळ पीत होती ते नेहाला सांगता आलं नसतं. तिनं आपल्या पायांकडं पाहिलं. बोटं सैल होती.

तिनं आधी स्टुलावरच्या बुद्धरत्नकडं पाहिलं, मग सरूबाईंकडं.

"झालं व्हय?" सरूबाई लसणाचं ताट बाजूला सारून म्हणाल्या. "आण इकडं, ढेकर काढते."